मशेरीच्या घरात सिगार

आधीच सांगतो, मी काही मोठा सिगारवाला माणूस नाही. वर्षाला चार-पाच, त्यातले निम्मे दुसऱ्याने दिलेले. आतेभाऊ बोटीवर असतो, सहा महिने समुद्रात आणि सहा महिने वेंगुर्ल्यात, येताना प्रत्येकासाठी काहीतरी आणतोच, तर गेल्या मे महिन्यात माझ्या हातात पाच सिगार ठेवले आणि म्हणाला, "जपून हां, हे तुझ्या नेहमीच्यातले नाहीत." मी म्हटलं हो हो. हो हो म्हणणाऱ्याचं जे होतं तेच झालं.

सिगार होते होया दे निकाराग्वाचे, आंतान्यो १९७०, फुल-बॉडीड म्हणतात त्या जातीचे, म्हणजे धूर जिभेवर जाड बसणारे. निकाराग्वात एस्तेली म्हणून गाव आहे, तिथला हा कारखाना १९६८ पासूनचा, त्या देशातला सगळ्यात जुना सिगार कारखाना. क्युबात क्रांती झाल्यावर तिथले कितीतरी तंबाखूवाले बियाणं आणि हातातली कला घेऊन बाहेर पडले आणि निकाराग्वा, होंडुरास, डोमिनिकन रिपब्लिक अशा ठिकाणी जाऊन बसले, त्यातून हा सगळा धंदा तिकडे उभा राहिला. एस्तेलीची जमीन ज्वालामुखीची, काळी, आणि तिथलं पान जाड आणि तिखट निघतं. आंतान्यो म्हणजे स्पॅनिशमध्ये जुना काळ, पूर्वीचे दिवस. पूर्वी सिगार जसे दणकट असायचे तसा हा, असा त्या नावाचा रोख. हे सगळं मला आता माहिती आहे. मे महिन्यात मला फक्त कागदी पट्टी भारी दिसते एवढंच कळलं होतं.

तर पहिला सिगार. संध्याकाळी सागरेश्वरला पोहून आलो, दुपारपासून पोटात काही नाही, आलो तसा खळ्यात खुर्ची टाकली आणि पेटवला. आणि सिगारेटसारखा ओढला, म्हणजे भसाभस. पहिली दहा मिनिटं मी स्वतःवर फार खूश होतो. मग हाताला घाम सुटला. मग उचकी. मग समोरचा माड जरासा डावीकडे सरकला असं वाटलं, आणि मी खुर्ची सोडून सरळ शेणाने सारवलेल्या खळ्यात आडवा झालो कारण जमीन तरी एका जागी राहील अशी आशा होती.

आजी पडवीत बसून हे सगळं बघत होती. ती उठली, आत गेली, गुळाचा खडा घेऊन आली.

"मेल्या, रिकाम्या पोटान तंबाखू खातत काय रे? हो गूळ खा आदी."

खातत. ओढतत नाही, खातत. तेव्हा मला वाटलं म्हातारी शब्द चुकली. नंतर वाचलं तेव्हा कळलं की चुकलो मीच होतो.

कारण असं की सिगारचा धूर आणि सिगारेटचा धूर ह्यात मोठा फरक आहे. सिगारेटचा तंबाखू बहुतेक गरम हवेच्या भट्टीत सुकवलेला असतो, त्याचा धूर आम्लधर्मी, त्यातलं निकोटिन तोंडात फारसं शोषलं जात नाही म्हणून माणूस तो छातीत घेतो. सिगारचं पान वाऱ्यावर सुकवतात, मग आंबवतात, आणि त्याचा धूर अल्कधर्मी होतो, त्यामुळे निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतूनच रक्तात जातं, छातीत घ्यायची गरजच नाही. आणि आपल्याकडे हातावर तंबाखू मळताना चुना कशाला लावतात? ह्याचसाठी. चुना अल्कधर्मी. म्हणजे केमिस्ट्री तीच, आजीच्या पिढीला ती कोणी शिकवली नव्हती पण तोंडाला माहिती होती. सिगार हा खरंच खायच्याच जातीचा तंबाखू आहे, फक्त तो धुराच्या वाटेने खातात. (आणि म्हणूनच "धूर गिळत नाही म्हणजे काही होत नाही" असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका, तोंडाचा कॅन्सर धूर गिळायची वाट बघत नाही.)

आमच्या घरात तंबाखूचा वास नवीन नाही. लहानपणी सकाळी आजी मशेरी भाजायची. चुलीवर जुना तवा, त्यात तंबाखूची पानं, काळी होईपर्यंत. त्या वासाने आख्खं घर खोकत उठायचं, आई चिडायची, शेजारची काकू मात्र वास आला की वाटी घेऊन हजर. मग ती पानं चुरून डब्यात, आणि चिमूटभर दाताला लावून आजी अर्धा तास पडवीत बसायची, त्या वेळात तिला काही विचारायचं नाही असा नियम. अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरला तिच्या गालात पांढरा चट्टा दिसला आणि त्या दिवशी तिने जे सोडलं ते सोडलंच. डबा अजून फडताळात आहे, त्यात आता सुया आणि बटणं असतात. पण उघडला की वास येतो.

आता मुद्द्यावर. फुल-बॉडीड म्हणजे काय ह्यावर लोक प्रचंड गोंधळ घालतात आणि मीही घालत होतो. डोकं गरगरलं म्हणजे फुल बॉडी, असं नाही. गरगरणं म्हणजे स्ट्रेंग्थ, निकोटिनचा जोर. बॉडी म्हणजे धुराचं तोंडातलं वजन, तो जिभेवर किती जाड बसतो, किती वेळ रेंगाळतो. मला हे समजलं ते जेवणातून. आमसुलाच्या सारात चार मिरच्या जास्त पडल्या तर डोळ्यातून पाणी येईल, पण सार पातळ ते पातळच. ह्याच्या उलट भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण लावलेला मटणाचा रस्सा, तिखट कमी असलं तरी भाताला चिकटतो, बोटांना वास राहतो, ढेकरातसुद्धा तोच. ती बॉडी. काही सिगार नुसते तिखट सार असतात, आणि लोक ते ओढून बाप रे काय जबरदस्त म्हणतात, मला विचाराल तर तो पैसे देऊन घेतलेला ठसका आहे. आंतान्योमध्ये दोन्ही आहे, म्हणूनच मी आडवा झालो, आणि म्हणूनच परत एकदा नीट बघावंसं वाटलं.

हा जोर येतो कुठून तर झाडाच्या शेंड्यातून. तंबाखूच्या झाडाची वरची पानं, ज्यांना लिहेरो म्हणतात, ती सगळ्यात जास्त ऊन खातात, सगळ्यात शेवटी तोडतात, जाड आणि तेलकट होतात. मधल्या पानांना सेको, त्यांच्यात सुगंध असतो, आणि खालच्या पातळ पानांना वोलादो, ती छान जळतात म्हणून घालायची. लिहेरो हळू जळतं म्हणून वळणारा ते बरोबर मधोमध ठेवतो. फुल-बॉडीड सिगारमध्ये ह्या लिहेरोचा वाटा मोठा असतो. बाहेरून बाईंडर गुंडाळतात आणि सगळ्यात वर रॅपर, ते दिसायला सगळ्यात सुंदर पान. आतली पानं, बाईंडर आणि रॅपर तिन्ही एकाच देशातले असतील तर त्याला पुरो म्हणतात, आंतान्यो पुरो आहे, सगळं निकाराग्वाचं.

उरलेले चार मी नीट ठेवायचे ठरवले आणि इथे कोकण आडवं आलं.

सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. आमच्याकडे जुलैत भिंतीला हात लावला तर हात ओला होतो, चपलेला बुरशी येते, पापड एका रात्रीत चामडं होतो. जास्त ओलीत सिगार फुगतो, रॅपर फुटतो, ओढायला गच्च होतो आणि मग बुरशी. म्हणजे जगभरचे लोक डब्यात ओलावा कसा राहील ह्याची काळजी करतात आणि आपण तो आत कसा येणार नाही ह्याची. लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगार ठेवायची पेटी, इथे शोभेची वस्तू, लाकूड स्वतःच पाणी पितं. रबराची कडा असलेला घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि आत ६५ टक्क्यांचं ते बोवेदाचं पाकीट, बस, ते पाकीट जास्तीचा ओलावा ओढूनही घेतं आणि कमी पडला तर सोडतंही. कृपा करून फ्रीजमध्ये ठेवू नका, सुकून काटक्या होतात.

एक छोटं आर्द्रतामापक घेतलं, स्वस्तातलं, आणि ते खरं बोलतंय का बघायला मिठाची टेस्ट केली. मीठ थोडं पाणी घालून चिखलासारखं करायचं, मापकाबरोबर बंद पिशवीत दिवसभर ठेवायचं, आत बरोबर ७५ टक्के व्हायला पाहिजे. मी म्हटलं मीठ तर आपल्या शेजारचं, शिरोड्याच्या मिठागराचं, १९३० साली ज्या मिठासाठी सत्याग्रह झाला ते, आणि अभिमानाने खडेमीठ घेतलं. आकडा भलताच खाली आला. मी मापकाला शिव्या घातल्या. मग लक्षात आलं की खडेमिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते स्वतःच हवेतलं पाणी ओढतात (म्हणून तर पावसात खडेमिठाच्या बरणीत तळं साचतं), टेस्टला शुद्ध बारीक मीठ लागतं. पुडीतलं मीठ घेतलं, आकडा ७४. मापकाची माफी मागितली.

एवढं सगळं करून डबा ठेवला कुठे, तर स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर, कारण तिथे चुलीमुळे कोरडं असतं. त्याच फळीवर सोडे आणि सुका बांगडा. घट्ट झाकण आहे म्हटलं काय होणार. पण मी दर दोन दिवसांनी झाकण उघडून बघायचो ना, आहेत का गेले! ऑगस्टमध्ये नागपंचमीच्या आसपास एक काढला, नाकाशी धरला, तर सुक्या बाजाराचा वास. तरी पेटवला, कोकणी माणूस फुकट घालवत नाही. अर्धा ओढून टाकला. तंबाखू वास शोषून घेतो हे माहिती होतं, एवढ्या मन लावून घेतो हे माहिती नव्हतं. आजीने आणखी एक सल्ला दिला होता की तांदळात ठेवतो तसा डब्यात कडुनिंबाचा पाला ठेव, किडा लागणार नाही. किड्याचं तिचं बरोबर आहे, तंबाखूला खरंच एक बारीक तपकिरी भुंगेरा लागतो, उकाडा आणि ओल मिळाली की अंड्यातून निघतो आणि सिगारला सुईने टोचल्यासारखी भोकं पाडतो. पण कडुनिंबाचा सिगार मला ओढायचा नव्हता. डबा उचलून देवघराच्या बाजूच्या कपाटात ठेवला आणि नियम केला, महिन्यातून एकदाच उघडायचा.

आणि मग जानेवारी. कोकणात सिगार ओढायचा खरा महिना कुठला विचाराल तर जानेवारी, हवा कोरडी, दुपारी वारा पडलेला, काजूला मोहोर. खळ्यात नाही बसलो ह्या वेळी, कारण समुद्रावरून संध्याकाळी जो खारा वारा सुटतो तो सिगारचा वैरी, एका बाजूने भराभर जाळतो, धूर गरम करतो आणि चव कडू, मग माणूस सिगारला नावं ठेवतो. बागेतल्या मांगरात बसलो, तीन बाजूंनी जांभ्याच्या भिंती. जेवण करून, नीट, सुरमई भात वगैरे. सोबत पाणी आणि कोरा चहा. सोलकढी जेवणात मुद्दाम घेतली नाही, आंबट आणि नारळाचा स्निग्धपणा जिभेवर थर धरतो, पुढचा अर्धा तास सगळं आमसुलासारखंच लागतं.

पेटवायच्या आधी बघायचं असतं आणि ह्यात मला आईचं मासे घेणं आठवतं. ती बाजारात कल्ला उघडते, पोटावर बोट दाबते, डोळा बघते, मग भाव विचारते. सिगारलाही बोटाने हलकं दाबत जायचं, कुठे मऊ खड्डा आहे का कुठे गाठ आहे का. खड्डा असेल तिथे गरम जळणार, गाठ असेल तिथे धूर अडणार. माझा सिगार रोबुस्तो ग्रांदे आकाराचा, साडेपाच इंच लांब आणि ५२ रिंग गेज, रिंग गेज म्हणजे एका इंचाचे ६४ भाग करायचे त्यातले ५२, अंगठ्याएवढा म्हणा. रॅपर जुन्या सागवानी कडीपाटासारखा गडद, तेलाची हलकी चकाकी, शिरा दिसतात पण बोटाला लागत नाहीत. वास घेतला तर आधी शेणखताचा ढीग. खरंच सांगतो आणि हे वाईट अर्थाने नाही, परदेशी लोकही सिगारमध्ये गोठ्याचा वास येतो म्हणून कौतुकाने लिहितात. पानांचे मोठे ढीग रचून आंबवतात, आतून ढीग तापतो, अमोनिया उडून जातो, ढीग फोडून परत रचतात, खालचं वर वरचं खाली. मुरलेलं खत आणि ओला गवताचा भारा आतून कसा तापतो हे बघितलेल्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही.

टोपीकडून, म्हणजे तोंडात धरायच्या टोकाकडून, पातळ काप घेतला, जास्त कापलं की रॅपर सुटतो. न पेटवता ओढून बघितला. ह्याला कोल्ड ड्रॉ म्हणतात, आणि किती अडायला पाहिजे तर शहाळं स्ट्रॉने पिताना मध्येच मलईचा पापुद्रा येतो ना, तेवढं. इथे चव आली मनुक्याची आणि मिरीची, ओठाला हलकी चुरचुर. काडीने पेटवताना पहिलं जळणारं गंधक उडू द्यायचं, आणि ज्योत टेकवायची नाही, पापड निखाऱ्यावर भाजतो तसं लांबून फिरवत पेटवायचं टोक भाजायचं. मेणबत्ती आणि पेट्रोलचा लायटर अजिबात नको, वास उतरतो. (सोड्यांचा अनुभव गाठीशी होताच.)

पहिला एक तृतीयांश भाग नुसता मसाला. मिरी, आणि नाकातून थोडा धूर सोडला तेव्हा तिरफळ. ह्याला रेट्रोहेल म्हणतात, धूर छातीत न घेता तोंडातून मागच्या मागे नाकाने काढायचा, आणि फुल-बॉडीड सिगारचा सगळा धूर असा काढायला गेलात तर डोळ्यांतून पाणी येईल, चिमूटभरच काढायचा. बहुतेक चव नाकातच असते, सर्दीत जेवण कसं लागतं आठवा. ह्या सिगारची परीक्षणं वाचली होती तर त्यात लेदर, सीडार, एस्प्रेसो, कोको. मी सगळं शोधत बसलो. लेदर म्हणजे चामडं, चामडं मी खाल्लेलं नाही. सीडारचं झाड बघितलेलं नाही. एस्प्रेसो सावंतवाडीला एकदा प्यालो. दहा मिनिटं मी दुसऱ्याच्या शब्दांना माझ्या तोंडात शोधत होतो आणि समोर जे होतं ते निसटत होतं. मग वही बाजूला ठेवली, डोळे मिटले, आणि तिरफळ आपोआप आलं. ती तिखटाच्या मागून येणारी जीभ बधिर करणारी मुंगी, बांगड्याच्या तिखल्यातली. हा शब्द कुठल्याही परीक्षणात मिळणार नाही पण वेंगुर्ल्यात कोणालाही सांगा, त्याच्या जिभेवर चव येईल.

मधला भाग सगळ्यात चांगला. मिरी मागे गेली आणि धूर जाड झाला, तोंडात अक्षरशः चावता येईल असा. भाजलेलं खोबरं, करपायच्या एक मिनिट आधीचं. काजूगर शेगडीवर भाजताना टरफलाचं तेल निखाऱ्यात पडतं तो धूर, पण सौम्य. कुठेतरी काळा गूळ. मला गंमत वाटली ती अशी की काजू पण तिकडचाच, ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणला, मिरची पण त्याच वाटेने आली आणि तंबाखू पण. आज आपण ज्याला अस्सल कोकणी चव म्हणतो त्यातलं निम्मं सामान अमेरिकेतून गलबताने आलंय. म्हणजे एस्तेलीच्या पानात मला वेंगुर्ल्याचा काजू सापडला ह्यात मी काही वेडेपणा करत नव्हतो, लांबचे नातेवाईक भेटले इतकंच.

राख सव्वा इंच धरली, करडी. राख पांढरीशुभ्र म्हणजे सिगार उंची असं म्हणतात त्यात फार अर्थ नाही, रंग जमिनीतल्या क्षारांवर असतो. राख पडल्यावर निखारा बघावा, टोकदार शंकूसारखा दिसला तर समजा मधलं लिहेरो बरोबर मधोमध बसलंय. माझा टोकदार होता. एकदा विझला, कारण मी काजूच्या मोहोरावरच्या माश्या बघत बसलो. मिनिटाला एक झुरका हा हिशेब, जास्त घेतला की कडू होतो, कमी घेतला की विझतो आणि लिहेरोवाला तर लवकरच विझतो. विझला तर लाज नाही, राख झटकायची, एकदा आतून बाहेर हळू फुंकायचं म्हणजे शिळा धूर निघून जातो, मग परत पेटवायचा.

शेवटचा भाग जड. इथे जोर कळायला लागला, कानशिलं गरम, पण पोटात भात होता आणि खिशात गुळाचा खडा, ह्या वेळी मी तयारीने गेलो होतो. चव आता कोऱ्या चहाची, जास्त उकळलेल्या, आणि भिजलेल्या जांभ्याची, पहिल्या पावसात भिंतीला जो लोखंडी वास येतो तो. पुष्कळ लोक बोट भाजेपर्यंत ओढतात, मी दीड इंच ठेवून थांबलो. एक तास वीस मिनिटं झाली होती.

मार्क किती? परदेशी मासिकं शंभरपैकी देतात, पट्टी काढून, कुठला सिगार आहे हे चाखणाऱ्याला कळू न देता, ती पद्धत चांगली आहे कारण पट्टी बघून जीभ खोटं बोलते, मे महिन्यात माझीच बोलली होती. पण त्या शंभरात मला ८० च्या खाली मार्क क्वचितच दिसतात, मग उरलेले ऐंशी कशासाठी ठेवलेत कोण जाणे. माझ्या वहीत फक्त एवढं लिहिलंय: बांधणी चोख, ड्रॉ मोकळा, जळणं जवळपास सरळ, मधला भाग परत परत घ्यावासा, शेवट जरा लांबलेला. आणि विकत घेशील का, तर वर्षातून दोन, जानेवारीत, जेवून. रोजच्यासाठी नाही. रोज मटणाचा रस्सा कोण खातो.

घरी आलो तर आजी पडवीत. शर्टाचा वास आला असणार, लांबूनच म्हणाली, "पडलंस नाय ना आज?" नाही म्हटलं. मग तिने हात पुढे केला. मला वाटलं ओढायला मागतेय की काय, पण तिला पान बघायचं होतं. डब्यातून एक न पेटवलेला काढून दिला. तिने तो उलटा-सुलटा केला, नखाने रॅपरची शीर चाचपली, मग नाकाशी धरला आणि डोळे मिटले. मी वहीत दीड पान लिहिलं होतं, गोठा, मनुका, मिरी, सगळं. आजी बराच वेळ काही बोलली नाही, तो मशेरीचा अर्धा तास असायचा तशीच बसली होती, आणि मला जुना नियम आठवला म्हणून मीही काही विचारलं नाही.

मग म्हणाली, "पान बरा असा. शेंड्याचा असा."

लिहेरो. शंभर नंबरी लिहेरो, न पेटवता, चष्मा न लावता.

"पण अजून कच्चो असा तो. मुराक व्हयो," असं म्हणून तिने सिगार परत दिला आणि बोटं पदराला न पुसता तशीच नाकाशी नेली.

आता डब्यात दोन आहेत. एक पुढच्या जानेवारीपर्यंत मुरवायचा ठरलाय, आजीच्या सांगण्यावरून. दुसऱ्याचं अजून ठरलं नाही. पण डबा महिन्यातून एकदा उघडायचा हा नियम मोडलाय, आणि ह्या वेळी मोडणारा मी नाही, कारण परवा बघितलं तर सिगार डाव्या हाताचा उजव्या हाताला गेला होता आणि आत बोवेदाच्या पाकिटाखाली एक शर्टाचं बटण सापडलं.